तेरेखोलवरून मागे फिरलो. शॅकल्टन काय म्हणाला असता?

आळशी_खलाशी (पर्वरी)

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो. आज लिहायचं कारण जरा घरगुती आहे.

आम्ही चौघांनी तीन वर्षांपूर्वी एक जुनी २५ फुटी शिडाची होडी घेतली. मांडवीत उभी असते. रविवारी आग्वादच्या बाहेर पडून परत यायचं, कधी ग्रांदे बेटापर्यंत चक्कर मारायची, एवढंच आमचं दर्यावर्दीपण. यंदा ठरलं की मालवणला जायचं. अंतर ४० सागरी मैलांच्या आसपास. पहाटे मतलई वाऱ्यावर निघायचं, दुपारचा खारा वारा सुटायच्या आत होईल तेवढं उत्तरेला सरकायचं आणि रात्री मालवणात मोरीचं (म्हणजे शार्कचं) मटण. बेत फक्कड होता.

मतलई नऊलाच पडला. पुढे दोन तास एकाच जागी डुलत बसलो. आउटबोर्ड इंजिन खोकत होतं. साडेअकराला वायव्येचा वारा आला, म्हणजे नेमका आम्हाला जायचं होतं तिकडून. दीडपर्यंत तो २० नॉटच्या पुढे गेला. लाटा आखूड आणि उभ्या. टॅक मारत मारत (वाऱ्याविरुद्ध नागमोडी जात) तेरेखोलच्या समोर आलो तेव्हा पुढे सरकण्याचा वेग ताशी जेमतेम २ मैल होता. एकजण उलट्या करून तळाशी आडवा. हिशोब केला तर मालवण मध्यरात्रीनंतर येत होतं. त्या बंदराच्या तोंडाशी खडक कसे पसरलेत ते ओहोटीच्या वेळी किल्ल्यावरून ज्यांनी पाहिलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. मी टिलर (सुकाणूचा दांडा) ओढलं आणि होडी फिरवली. वारा पाठीवर घेऊन सूर्य बुडायच्या आत आग्वादला पोचलो. कुणाला खरचटलंही नाही.

पण माझा शाळेपासूनचा मित्र त्या दिवसापासून बोलत नाही. धक्क्यावर उतरताना सगळ्यांसमोर 'भित्रा' म्हणाला.

तेव्हापासून रात्री शॅकल्टनबद्दल वाचत बसतो. ९ जानेवारी १९०९ ला हा माणूस आणि त्याचे तीन सोबती दक्षिण ध्रुवापासून ९७ सागरी मैलांवर होते. तोवर तिथे कुणीच पोचलं नव्हतं. ध्रुव गाठता आला असता, पण परतीला अन्न पुरलं नसतं. तो मागे फिरला. घरी आल्यावर बायकोला म्हणाला की मेलेल्या सिंहापेक्षा जिवंत गाढव बरं.

माझा प्रश्न असा की या बर्फातल्या मंडळींकडून आपल्यासारख्या रविवारच्या खलाशांनी खरंच काही घ्यावं का? की हे सगळं ऑफिसातल्या ट्रेनिंगमध्ये स्लाइडवर दाखवण्यापुरतंच?

मीठ_भाकर

वाचतेय. शॅकल्टनचं नाव ऐकलंय, ते जहाज बर्फात अडकलं होतं तोच ना? कुणीतरी थोडक्यात सांगा, म्हणजे पुढची चर्चा कळेल. आणि मोरीचं मटण चुकलं याबद्दल मनापासून सहानुभूती.

दोनापावला

@मीठ_भाकर, तोच. जहाजाचं नाव एन्ड्युरन्स. ५ डिसेंबर १९१४ ला दक्षिण जॉर्जिया बेटावरून निघालं, जानेवारीत वेडेल समुद्रात बर्फात रुतलं. दहाएक महिने बर्फ नेईल तिकडे वाहत राहिलं. २७ ऑक्टोबर १९१५ ला सगळे खाली उतरले, कारण बर्फ फळ्या चिरडत होता, आणि २१ नोव्हेंबरला जहाज बुडालं. २८ माणसं, तीन लहान होड्या, पायाखाली तरंगता बर्फ. एप्रिल १९१६ मध्ये बर्फ फुटला तेव्हा होड्या पाण्यात घातल्या आणि आठवड्याभरात एलिफंट बेट गाठलं. तिथे कुणी येण्याची शक्यता शून्य. म्हणून २४ एप्रिलला शॅकल्टन पाच जणांना घेऊन 'जेम्स केअर्ड' नावाच्या साडेबावीस फुटी होडीतून दक्षिण जॉर्जियाकडे निघाला. ८०० सागरी मैल, जगातला सगळ्यात वाईट समुद्र. १० मे ला पोचले. पण पोचले ते बेटाच्या उलट्या बाजूला! मग तिघेजण डोंगर आणि हिमनद्या तुडवत ३६ तास चालून व्हेल पकडणाऱ्यांच्या वसाहतीत गेले. मागे राहिलेल्या २२ जणांना सोडवायला चार प्रयत्न लागले. अखेर ३० ऑगस्टला चिलीचं 'येल्चो' हे छोटं जहाज कॅप्टन लुईस पार्दोने तिथवर नेलं. सगळे २२ जिवंत.

धागाकर्ते, तुमची होडी २५ फुटी म्हणजे त्यांच्यापेक्षा अडीच फूट मोठी. आता लाजा. (गंमत करतोय. तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत.)

मला त्यातला वर्स्ली, एन्ड्युरन्सचा कप्तान, फार आवडतो. सोळा दिवसांत ढगाआडून सूर्य दिसला तो मोजून चार वेळा. तेवढ्यात सेक्स्टंट (सूर्याची उंची मोजायचं यंत्र) लावायचा, आणि होडी अशी उसळतेय की एका हाताने डोलकाठीला मिठी मारल्याशिवाय उभं राहता येत नाही. चार निरीक्षणांवर ८०० मैल! आम्ही मोबाइलची बॅटरी गेली की मिरामारवरून घरचा रस्ता विचारतो.

शंकासुर

झालं, आरती सुरू. जरा थंड पाणी ओततो.

१. दक्षिण जॉर्जियावरच्या ग्रितविकेनमधल्या व्हेल पकडणाऱ्यांनी शॅकल्टनला आधीच सांगितलं होतं की यंदा बर्फ फार उत्तरेपर्यंत आलाय. महिनाभर थांबून शेवटी गेलाच. संकटातून वाचवणारा नेता म्हणून ज्याची गाणी गातो, त्याने संकट स्वतःच ओढवून घेतलं होतं.

२. 'एकही माणूस गमावला नाही' हे अर्धसत्य आहे. त्याच मोहिमेची दुसरी तुकडी खंडाच्या पलीकडच्या बाजूला, रॉस समुद्रात होती. शॅकल्टन खंड ओलांडून येईल तेव्हा त्याला वाटेत अन्न मिळावं म्हणून साठे करून ठेवायचं त्यांचं काम. मे १९१५ मध्ये त्यांचं 'अरोरा' जहाज वादळात नांगर तुटून वाहून गेलं आणि दहा जण किनाऱ्यावर अडकले. तरी त्यांनी साठे लावले! जो माणूस कधीच येणार नव्हता त्याच्यासाठी. त्यातले तिघे मेले: स्पेन्सर-स्मिथ, मॅकिंटॉश आणि हेवर्ड. ही नावं कुठल्याही ट्रेनिंगच्या स्लाइडवर नसतात.

खलाशीबुवा, तुमच्या मित्राचं म्हणणं पटत नाही, पण शॅकल्टनच्या फोटोला हार घालून तुमचं भांडण मिटेल असंही वाटत नाही.

सुताराची_लेक (वेंगुर्ला, सध्या म्हापसा)

शंकासुरांना पहिल्यांदाच +१ देतेय, नोंद घ्यावी.

माझे बाबा लाकडी होड्या बांधायचे. त्यामुळे ही गोष्ट वाचताना माझं लक्ष शॅकल्टनकडे जातच नाही, मॅकनीशकडे जातं. हॅरी मॅकनीश, एन्ड्युरन्सवरचा सुतार. 'जेम्स केअर्ड' ही उघडी होडी होती हो. तशीच नेली असती तर दुसऱ्या दिवशी भरून बुडाली असती. या माणसाने फेकायच्या लाकडातून तिच्या कडा उंच केल्या, स्लेजच्या पट्ट्या आणि खोक्यांच्या फळ्या आडव्या टाकून त्यावर कॅनव्हास ताणून छप्पर केलं. गोठलेला कॅनव्हास चुलीच्या धगीवर मऊ करत करत शिवावा लागला. फटी कशाने भरल्या? दिव्याच्या वातीने, आणि वरून चित्रकाराच्या तैलरंगाने आणि सीलच्या रक्ताने. बाबा कापूस आणि राळ ठोकायचे. त्यांना हे सांगितलं तेव्हा हातातला चहा खाली ठेवून म्हणाले, "रगात सुकला की घट्ट बसता, बरोबर आसा."

पुढचं ऐका. दक्षिण जॉर्जियाचा बर्फ ओलांडायला निघालेल्या तिघांच्या बुटांच्या तळाला होडीतलेच स्क्रू ठोकून दिले, घसरू नये म्हणून. तेही यानेच.

आणि याला पोलर मेडल मिळालं नाही. कारण जहाज बुडाल्यावर डिसेंबरात बर्फावरून होड्या ओढताना तो एकदा अडून बसला होता. जहाज गेलं, आता तुझा हुकूम मी का ऐकू, असा त्याचा सवाल. शॅकल्टनने ते कधी विसरलं नाही. त्याआधी त्याची मांजर गोळी घालून मारायला लावली होती, ते वेगळंच. (मांजर म्हणजे बोका, पण नाव मिसेस चिप्पी.) १९३० मध्ये वेलिंग्टनला वारला. त्याच्या थडग्यावर नंतर ब्राँझचा बोका बसवलाय.

म्हणून मला नेत्यांच्या गोष्टी सांगू नका. होडीच्या फटी कुणी भरल्या ते सांगा.

मीठ_भाकर

बोक्यासाठी रडले. बाकीच्यांसाठी नंतर रडेन.

आळशी_खलाशी

@सुताराची_लेक, नतमस्तक. हे वाचून पहिली गोष्ट काय केली असेल तर खाली जाऊन आउटबोर्डचा फिल्टर उघडला. आत जे दिसलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमच्या होडीवर सुतार कुणीच नाही, चौघेही कॅप्टन.

@शंकासुर, हार घालत नाहीये. पण काही बारीकसारीक गोष्टी मला सोडत नाहीत. केअर्डवर दर चार तासांनी गरम दूध मिळायचं. त्याशिवाय, कुणी एक जण गारठून गळायला लागलाय असं दिसलं की शॅकल्टन सगळ्यांसाठी पुन्हा दूध करायला लावायचा, का ते न सांगता. म्हणजे त्या एकाला आपल्यामुळे हे चाललंय असं वाटू नये. आणि कटकट करणाऱ्या माणसांना तो लांब ठेवत नसे, उलट स्वतःच्या तंबूत घ्यायचा. होडीत सुद्धा मॅकनीश आणि व्हिन्सेंट या दोघांना सोबत नेलं. मागे ठेवले असते तर बेटावरच्या बाकीच्यांना नासवतील अशी त्याला भीती होती.

दोनापावला

फ्रँक वाइल्डला विसरू नका. बेटावर मागे राहिलेल्या २२ जणांचा तो प्रमुख. दोन होड्या उलट्या घालून केलेलं घर, आत चरबीच्या चुलीचा धूर, खायला पेंग्विन आणि सील. त्यातच सर्वांत धाकट्या ब्लॅकबोरोच्या पायाची बोटं बर्फाने सडली म्हणून तिथेच क्लोरोफॉर्म देऊन कापली. हा ब्लॅकबोरो मुळात जहाजात लपून आलेला! असे चार महिने वाइल्ड रोज सकाळी सगळ्यांना झोपायच्या पिशव्या गुंडाळायला लावायचा: आवरा, पात्रांव आज येतील.

('बॉस'चं भाषांतर गोव्यात दुसरं काय करणार.)

मला ही सगळ्यात अवघड कामगिरी वाटते. केअर्डवाल्यांना निदान हाताला काम होतं.

निवृत्त_नाविक (बेती)

धागा छान चाललाय. दोन शब्द इथल्या पाण्याबद्दल, कारण आपल्याला प्रेरणा नेहमी विलायतेहूनच मागवायची सवय.

दिवाडीच्या यार्डात ५६ फुटी 'म्हादेई' बांधली गेली. तिच्यावर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असं करणारे पहिले भारतीय. त्याच होडीवर अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईहून निघून कुठेही न थांबता ३१ मार्च २०१३ ला परतले. मग 'तारिणी', तीही दिवाडीचीच. तिच्यावर नौदलाच्या सहा मुली १० सप्टेंबर २०१७ ला इथूनच, आयएनएस मांडवीवरून निघाल्या आणि २१ मे २०१८ ला परत आल्या. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी कप्तान. केप हॉर्नला वळसा घातलेल्या त्या होडीचं सुकाणू घराजवळ येताना बिघडलं. ठरलेलं नसताना मॉरिशसला पोर्ट लुईला थांबल्या, दुरुस्त केलं, मग निघाल्या. त्यांना कुणी भित्रं म्हणालं नाही.

टॉमींची २०१८ ची गोष्ट तर तुमच्या मित्राला जरूर ऐकवा. गोल्डन ग्लोब ही एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची शर्यत, होडी 'थुरिया', तीही गोव्यातच बांधलेली. सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात वादळाने डोलकाठी मोडली आणि पाठीला जबर मार बसला, हलता येईना. फ्रान्सच्या 'ओसिरिस' या मत्स्यविभागाच्या जहाजाने उचललं. शर्यत सोडावी लागली. तोच माणूस २०२२ च्या शर्यतीत पुन्हा उतरला आणि दुसरा आला. परत यायचं तर आधी परत यावं लागतं.

वास्कोकर

नाविककाका, सड्यावरच्या आमच्या शेजाऱ्यांना विसरलात! राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र हेडलँड सड्याला आहे. आमच्या गल्लीत 'ते काय, अंटार्क्टिकाला गेलेत, मार्चात येतील' हे वाक्य 'ते मडगावला गेलेत' अशा सुरात म्हटलं जातं.

भारताची पहिली मोहीम मुरगावहूनच निघाली, ६ डिसेंबर १९८१ ला. डॉ. कासिम प्रमुख, २१ माणसं, 'पोलर सर्कल' हे नॉर्वेचं भाड्याचं जहाज. ९ जानेवारी १९८२ ला तिथे उतरले. फारसा गाजावाजा न करता गेले. पुढे तिसऱ्या मोहिमेत दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेतल्या अदिती पंत गेल्या. नागपूरच्या, म्हणजे समुद्रापासून जितकं लांब जन्माला येता येईल तितक्या. त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता या भारताच्या मोहिमेतून तिथे पोचलेल्या पहिल्या स्त्रिया.

अवांतर झालं असेल तर माफी. पण बर्फ आणि गोवा यांचं नातं तसं जुनं आहे एवढंच.

शंकासुर

अवांतर अजिबात नाही, या धाग्यावरचं सगळ्यात मुद्द्याचं तेच.

पण नाविककाका, तुमच्या आणि खलाशीबुवांच्या बोलण्यात एक गोष्ट निसटतेय. मागे फिरणं बरोबर की चूक यावर इथे वाद नाहीच. तेरेखोलवरून मी सुद्धा फिरलो असतो. मला दुसरी एक माघार आठवते, तिचं नाव कुणी घेत नाही. आमुंडसेनची.

दक्षिण ध्रुवावर सगळ्यांच्या आधी, १४ डिसेंबर १९११ ला पोचलेला हाच तो शिस्तीचा पुतळा. रॉकेलच्या डब्यांना डाग देऊन झाकणं बंद केलेली, साठ्यांच्या दोन्ही बाजूंना मैलोगणती झेंडे रोवलेले, धुक्यात चुकलो तरी एखादा दिसावा म्हणून. पण त्याचा इंग्रज प्रतिस्पर्धी स्कॉट आधी पोचेल या धास्तीने तो ८ सप्टेंबरलाच निघाला होता, सात जणांना घेऊन. थंडी उणे ५० च्या खाली उतरली, कुत्री मरायला लागली, मागे फिरला. फिरणं अगदी बरोबर! पण शेवटच्या दिवशी तो चांगली कुत्री असलेल्या स्लेजवर बसून पुढे निघून गेला आणि बाकीचे मागे विखुरले. धाकट्या प्रेस्त्रूदला योहान्सनने रात्री अंधारात तळावर आणलं. दुसऱ्या दिवशी न्याहारीला योहान्सनने सगळ्यांसमोर सुनावलं. हा योहान्सन म्हणजे नॅन्सेनबरोबर उत्तर ध्रुवाकडे चालत गेलेला, अनुभवाने आमुंडसेनपेक्षा कमी नाही. आमुंडसेनने त्याला ध्रुवाच्या तुकडीतून काढून टाकलं. दोघांचं पुन्हा जमलं नाही. योहान्सनने १९१३ च्या जानेवारीत स्वतःला संपवलं.

तेव्हा प्रश्न असा आहे: तुम्ही होडी फिरवलीत ती कशी? फिरवण्याआधी काय बोललात?

सुताराची_लेक

हाच प्रश्न मी टाइप करत होते.

आळशी_खलाशी

(दोन दिवसांनी येतोय.)

काहीच बोललो नाही.

हिशोब मी मनात केला. आडव्या पडलेल्याकडे बघितलं, इंजिनाकडे बघितलं. मित्र पुढे जिबची (पुढच्या शिडाची) दोरी धरून चिंब भिजत बसला होता, दोन तास, हात सोलून निघालेले. आणि मी न सांगता टिलर ओढलं. बूम (शिडाच्या तळाचा आडवा दांडा) त्याच्या डोक्यावरून गेला. तो खाली वाकला म्हणून वाचला. 'काय झालं' असं ओरडला, आणि मी म्हणालो, "काही नाही, चाललो परत."

हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं. 'कुणाला खरचटलंही नाही' असं लिहिलं होतं.

जहाज बुडाल्यावर शॅकल्टनने सगळ्यांना गोळा केलं आणि साध्या शब्दांत सांगितलं की जहाज गेलं, सामान गेलं, आता घरी जायचं. मी हे चार वेळा वाचलं असेल. दर वेळी मला ते धीराचं वाक्य वाटायचं. त्याने आधी सगळ्यांना गोळा केलं होतं, हे काल रात्री लक्षात आलं.

निवृत्त_नाविक

बूम फिरवताना ओरडून सांगायचं हे पहिल्या दिवशी शिकवतात, बाबा. नेतृत्व वगैरे नंतर. मित्राला आधी त्याबद्दल सॉरी म्हण. मालवणबद्दल बोलूच नकोस.

मीठ_भाकर

काका एकदम 'तुम्ही'वरून 'तू'वर आले. म्हणजे राग आलाय.

निवृत्त_नाविक

आलाय.

दोनापावला

मी पण एक कबूल करतो. वर 'तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत' असं मोठ्या रुबाबात लिहून बसलोय. राहू दे ते तसंच.

धागाकर्ते, फोन करू नका, घरी जा. फोन उचलला नाही तर तुम्हाला परत बसायला निमित्त मिळेल.

वास्कोकर

आणि जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. बांगडे चांगले आहेत सध्या.

आळशी_खलाशी

काल संध्याकाळी गेलो. बांगडे नाहीत, मोरी मिळाली. दार वहिनींनी उघडलं, पिशवी घेतली आणि आत जाऊन 'तो आलाय' एवढंच म्हणाल्या.

बूमबद्दल सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग हाताचे तळवे दाखवले, अजून सालं निघतायत. म्हणाला, "मला पण फिरायचंच होतं रे. एकपासून. तू विचारशील म्हणून थांबलो होतो."

दुधाचं, वाइल्डचं, बोक्याचं सगळं सांगितलं त्याला. बोक्याचं सांगितल्यावर शॅकल्टनला त्याने जी शिवी दिली ती अस्सल बार्देशी होती. मॅकनीशबद्दल दोनदा विचारलं. सीलचं रक्त फायबरच्या होडीला चालेल का, असंही विचारलं.

@सुताराची_लेक, बाबांना नमस्कार सांगा. रविवारी होडी वर काढतोय, तळाला हातभर शेवाळ आहे. मालवणचा विषय निघाला नाही. आत्ता सकाळी त्याचा मेसेज आलाय: "फिल्टर नवीन आण. जुना लावलास तर मी किनाऱ्यावरच बसतो."

सुताराची_लेक

बाबा विचारतायत, रविवारी किती वाजता.